शिंग बुडाशी ओळखायचं

कवटीचा फोटो पाठवून "हे कुठल्या प्राण्याचं असेल?" असं विचारणारे मेसेज मला बऱ्याचदा येतात आणि त्यातले जवळजवळ सगळे फोटो समोरून काढलेले असतात. डोळ्यांच्या खोबणी, शिंगं असली तर शिंगं, सुळे असले तर सुळे, बाकी सगळं फोटोच्या बाहेर. साहजिकच आहे ते, आपण आयुष्यभर चेहरे बघूनच ओळखत आलेलो असतो. पण कवटीत चेहरा उरलेलाच नसतो ना. कान, ओठ, नाकाचा मऊ शेंडा, आयाळ, पट्टे, ठिपके, ज्या ज्या गोष्टींवरून आपण प्राणी लांबून ओळखतो त्या सगळ्या आधीच गेलेल्या असतात आणि मागे राहिलेलं हाड भलतंच काहीतरी दिसायला लागतं. हत्तीचंच घ्या. सोंडेत हाड नसतं, त्यामुळे कवटीत सोंडेचा पत्ताच नाही, उलट मधोमध एक भलंमोठं भोक असतं, ते नाकाचं, आणि खरे डोळे राहतात बाजूला. ग्रीक कथांमधला एका डोळ्याचा राक्षस, सायक्लॉप्स, हा भूमध्य समुद्रातल्या बेटांवर सापडणाऱ्या खुज्या हत्तींच्या कवट्या बघून सुचला असावा असं ओथेनिओ आबेल या ऑस्ट्रियन जीवाश्मतज्ज्ञाने १९१४ मध्ये मांडलं होतं. सिद्ध करता येईल अशी गोष्ट नाही ही, पण हत्तीची कवटी समोरून बघितली की ती पटते, मला तरी पटते.

म्हणून मी आधी एकच सांगते, कवटी उलटी करून फोटो काढा. टाळूकडून, मानेकडून, आणि शिंग असेल तर ते कपाळाला जिथे मिळतं तिथून. इतकी वर्षं हाडं बघत आल्यावर माझं मत पक्कं झालंय की प्राण्याची ओळख त्याच्या दिखाऊ भागात फार थोडी असते, ती असते जोडाच्या जागी आणि कामाच्या जागी. म्हणजे जबडा जिथे अडकतो, मान जिथे टेकते, दात जिथे झिजतो आणि शिंग जिथून उगवतं.

मानेपासूनच सुरू करू. कवटीच्या मागच्या बाजूला मज्जारज्जू आत शिरायचं मोठं भोक असतं आणि त्याच्या कडेला गुळगुळीत उंचवटे असतात, ते पाठीच्या पहिल्या मणक्यावर टेकतात. हे उंचवटे दोन असले तर सस्तन प्राणी, एकच असला तर पक्षी किंवा सरपटणारा. बेडकालाही दोन असतात, पण बेडकाची कवटी इतकी चपटी आणि पोकळ-पोकळ असते की गोंधळ व्हायचं कारण नाही. सस्तनाचा खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा बनलेला असतो, पक्षी आणि सरपटणाऱ्यांत तो अनेक छोट्या हाडांचा असतो आणि जुना झाला की सुटा सुटा होतो. एवढं बघितलं की अर्धं जग बाजूला पडतं, आणि यात अजून प्राण्याचं नाव घ्यायची वेळसुद्धा आलेली नसते. मला ही पायरी फार आवडते. नाव सांगायची घाई लोकांना असते, आणि एकदा "बिबट्याची आहे बहुतेक" असं मनात बसलं की पुढे डोळे तेच शोधायला लागतात.

मग दात. वरच्या जबड्याच्या अगदी पुढच्या टोकाला पटाशीचे दात आहेत का, हा माझा पहिला प्रश्न. नसतील, म्हणजे तुटून पडलेले नाहीत तर मुळात त्यांना बसायला खाचाच नाहीत, तर तो प्राणी रवंथ करणारा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सांबर, चितळ, काळवीट, जिराफ, सगळ्यांची हीच गत. वर नुसती घट्ट गादी असते आणि खालचे दात त्या गादीवर दाबून गवत तोडलं जातं. खाली पुढे आठ दात दिसतात, त्यातले कडेचे दोन खरं तर सुळे असतात पण रूप पटाशीचं घेऊन रांगेत बसलेले. पुढे मोठी मोकळी जागा आणि मग दाढांची रांग. उंटाला मात्र वरती पटाशीची एक जोडी असते. घोड्याला वर सहा, खाली सहा, त्यामुळे शिंगं नसलेली लांबोळकी कवटी बघून गाय की घोडा असा प्रश्न पडला तर दोन सेकंदांत सुटतो. वरचे पटाशीचे दात ज्या हाडात बसतात ते हाड तसं प्रसिद्ध आहे. ते माणसात नसतंच, म्हणून माणूस प्राण्यांपेक्षा वेगळा, असं एकेकाळी बरेच जण मानायचे, आणि १७८४ मध्ये गटे या जर्मन कवीने कवट्या शेजारी शेजारी ठेवून माणसातही त्याच्या खुणा दाखवल्या. कवी माणूस येना या जर्मन शहरात बसून कवट्यांचे सांधे तपासतोय हे चित्र मला कायम उमेद देतं.

डुकराचं प्रकरण वेगळं. चव्वेचाळीस दात, म्हणजे पटाशीपासून दाढांपर्यंत कसलीच काटकसर नाही, आणि दाढा बोथट उंचवट्यांच्या, बऱ्याचशा माणसाच्या दाढांच्या वळणाच्या. सर्वभक्षी पोटाचे दात असे असतात. या सारखेपणाने मोठमोठ्यांना फसवलंय. अमेरिकेत नेब्रास्कात सापडलेल्या एका झिजलेल्या दाढेवरून हेन्री फेअरफील्ड ऑसबॉर्न यांनी १९२२ मध्ये उत्तर अमेरिकेतला मानवसदृश वानर जाहीर केला होता, त्याला हेस्पेरोपिथेकस असं नावही दिलं होतं. पुढे त्याच जागी आणखी खोदकाम झालं, आणखी हाडं मिळाली, आणि १९२७ मध्ये तो दावा मागे घेण्यात आला कारण दाढ पेकरीची निघाली, पेकरी म्हणजे डुकरासारखाच एक प्राणी. मला यातली मागे घेण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एका दाताला आणखी हाडांची जोड मिळाली आणि ज्यांनी बघितलं त्यांनी ते मान्य केलं.

मांसाहारी कवटी असेल तर सुळे बघून लोक थक्क होतात आणि तिथेच थांबतात. सुळे कुत्र्याला असतात, मांजराला असतात, तरसाला, अस्वलाला, माकडालाही असतात, आणि नर माकडाचे सुळे तर चांगलेच धारदार. सुळ्यांच्या मागे जायला हवं. मांसाहाऱ्यांत वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ या दोघी एकमेकींना घासून कात्री चालावी तशा चालतात, मांस कापायचं काम तिथे होतं, आणि या कात्रीच्या मागे काय शिल्लक आहे त्यावर सगळं ठरतं. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्यात मागे वरती आणखी दोन चपट्या दाढा असतात, हाड-फळं-किडे चावायला उपयोगी, एकूण दात बेचाळीस आणि थोबाड लांब. मांजर कुळात मागे नावाला एक बारीकशी दाढ, एकूण तीस, थोबाड आखूड. तरसाचे चौतीस, पण आकड्यापेक्षा त्याच्या उपदाढा बघा, जाड शंकूसारख्या, टोकं झिजून सपाट झालेल्या, आणि कवटीच्या माथ्यावर मधोमध उभी हाडाची धार, जिला जबड्याचे स्नायू चिकटायचे. हाडं फोडणारा प्राणी आहे हे कुणी न सांगता कळतं. अस्वलाचे दात साधारण कुत्र्याइतकेच, पण मागच्या दाढा लांबरुंद आणि सपाट, कारण खाण्यात मुळं, फळं, किडे भरपूर.

आणि कुत्र्या-कोल्ह्याची कवटी मिळाली तर नाकाच्या भोकातून आत बघा, जमलं तर बॅटरी मारून. आत कागदापेक्षा पातळ हाडाच्या गुंडाळ्या असतात, एकात एक वळलेल्या, इतक्या दाट की पलीकडचं दिसत नाही. श्वास आत जाताना या पडद्यांवरून जातो, तिथे तो गरम होतो, ओला होतो, आणि मागच्या पडद्यांवर वास पकडला जातो. कवटी आपटली किंवा पाण्याने जोरात धुतली की हे सगळं चुरा होऊन बाहेर येतं, म्हणून जुन्या कवट्यांत नाक रिकामं दिसतं. ताज्या स्वच्छ कवटीत ते शाबूत बघायला मिळालं तर पाच-दहा मिनिटं तिथेच जातात माझी.

सिंह आणि वाघ यांची कवटी शेजारी ठेवली तर भलेभले अडखळतात, आकार सारखा, दात तितकेच. यासाठी एक जुनी युक्ती आहे. खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवायचा आणि पुढच्या टोकावर हलकं बोट टेकायचं. सिंहाच्या जबड्याची खालची कड फुगीर असते म्हणून तो डुलतो, वाघाची कड सरळ किंवा किंचित आत गेलेली, तो जागचा हलत नाही. दुसरी खूण नाकाच्या हाडांची, वाघात ती कपाळाच्या दिशेने शेजारच्या हाडांच्या टोकांपेक्षा मागे घुसलेली दिसतात, सिंहात साधारण त्यांच्या बरोबरीने किंवा थोडी आधी संपतात. दोन्ही खुणा जुळल्या तर मग बोलायचं.

आता शिंगं, ज्यांच्यासाठी बहुतेक लोक मुळात थांबतात. इथे दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. गाय, म्हैस, गवा, शेळी, मेंढी, काळवीट, चिंकारा, नीलगाय, हे सगळे एका कुळातले. यांच्या शिंगात आत कपाळाच्या हाडातूनच निघालेला हाडाचा सुळका असतो आणि त्यावर केराटिनची खोळ, म्हणजे आपली नखं ज्या पदार्थाची तोच. शिंगाला फांद्या नसतात आणि ते दरवर्षी गळत नाही. मेल्यावर मात्र मधला मऊ थर कुजतो आणि काही आठवड्यांत खोळ हाताने ओढली तरी सुटून येते, त्यामुळे रानात नुसता सुळका असलेली कवटी सापडते आणि लोकांना वाटतं शिंग तुटलं. सांबर, चितळ, भेकर, बारशिंगा, रेनडिअर, मूस यांचं डोक्यावरचं जे असतं ते अँटलर, ते पूर्ण हाडाचं, खोळ नाहीच, दरवर्षी गळतं आणि नव्याने उगवतं. वाढत असताना त्यावर मखमली कातडी असते, रक्त खेळतं, आणि मूससारख्या मोठ्या प्राण्यात ऐन भरात दिवसाला अडीच सेंटीमीटरच्या आसपास वाढ होते. मग कातडी वाळते, प्राणी ती झाडाझुडपांवर घासून काढतो. बहुतेक जातींत अँटलर नरालाच, रेनडिअरमध्ये मादीलाही.

या दोघांतला सगळ्यात सुंदर फरक मला वाढीच्या दिशेचा वाटतो. खोळवालं शिंग बुडाकडून वाढतं, म्हणजे टोक सगळ्यात जुनं, प्राणी पिल्लू असतानाचं, आणि कपाळाजवळचा भाग ताजा. अँटलर टोकाकडून वाढतं, तिथे टोक सगळ्यात नवं. जंगली मेंढ्या आणि आयबेक्स या रानटी शेळ्या यांच्या शिंगांवर वर्षावर्षाची वळी उमटतात आणि त्यावरून वय मोजता येतं, पण हे सगळ्यांना लागू करायचं नाही. काळविटाच्या शिंगावरची वळी म्हणजे वर्षं नव्हेत. तसंच अँटलरच्या फाट्यांचं, "जितके फाटे तितकी वर्षं" असं फार लोक ठामपणे सांगतात आणि ते चुकीचं आहे. फाटे जात, खाणं, तब्येत, सगळ्यावर ठरतात, आणि म्हाताऱ्या नराचे कमीही होतात. वय बघायचं असेल तर दाढा किती उगवल्यात, किती झिजल्यात आणि कवटीचे सांधे किती भरून आलेत ते बघायचं.

अँटलर पडलेलं सापडलं तर आधी बूड. बुडाशी खडबडीत गाठींचं कडं असतं आणि त्याच्या खाली, जिथे ते कवटीवरच्या छोट्या खुंटाला चिकटलेलं होतं, तिथे खरबरीत, बहुतेकदा किंचित फुगीर तळ. तो तळ शाबूत असेल तर अँटलर आपोआप गळलेलं आहे. तिथे सपाट कापलेला पृष्ठभाग आणि करवतीच्या रेघा असतील किंवा कवटीचा तुकडा चिकटलेला असेल तर प्राणी त्या वेळी मेलेला होता. शिकारीच्या तपासात ही एवढीशी जागा फार बोलते. कडं शाबूत असेल तर मग फाटे बघा. सांबराचं अँटलर जाड, खरबरीत, साधारण तीन फाट्यांचं, कपाळाजवळचा फाटा मुख्य दांड्याशी अरुंद कोन करून निघतो. चितळाचंही तीन फाट्यांचंच पण सडपातळ, गुळगुळीत, आणि कपाळाजवळचा फाटा जवळपास काटकोनात. बारशिंग्याचे फाटे याहून जास्त. भेकराचं अँटलर लहानसं, पण ज्या खुंटांवर ते बसतं ते खुंट लांब आणि कवटीवर खाली चेहऱ्यापर्यंत हाडाच्या धारा उतरलेल्या, आणि वर नराला छोटे सुळे. कस्तुरीमृगाला अँटलर नाहीच, त्याऐवजी तोंडाबाहेर येणारे लांब सुळे.

मादीची, बिनशिंगाची कवटी आली की खरी परीक्षा. सांबर-चितळांच्या कुळात डोळ्याच्या खोबणीच्या पुढे, हाडांच्या मध्ये, बहुतेकदा मोठी मोकळी फट असते आणि खोबणीच्या कडेवर अश्रूनलिकेची दोन भोकं. गाय-शेळीच्या कुळात सहसा एकच.

शेळी आणि मेंढी यांवर मी थोडी रेंगाळणार आहे कारण खूप सापडतात त्या यांच्याच कवट्या, आणि बहुतेक लोक त्यांना काहीतरी दुर्मिळ समजून उत्साहाने फोटो पाठवतात. डोळ्याच्या खोबणीच्या लगेच पुढे, गालाकडे, अंगठा फिरवून बघा. मेंढीत तिथे एक स्पष्ट खळगा लागतो, बोटाचं टोक त्यात बसतं, जिवंतपणी तिथे एक ग्रंथी असते. शेळीत तिथे अंगठा सरळ घसरत जातो. मग शिंगाचा सुळका आडवा कापला तर कसा दिसेल याचा अंदाज घ्या, शेळीचा पुढच्या बाजूला धारेने निमुळता झालेला, मेंढीचा जास्त गोलसर तिकोनी. याच फरकांवर पुरातत्त्वातले लोक हजारो वर्षांपूर्वीच्या उकिरड्यांतून कोण काय पाळत होतं ते सांगतात. गाय आणि म्हैस यांचं तसंच, गाईचं शिंग बुडाशी गोल, म्हशीचं चपटं, तिकोनी, आडव्या वळ्यांचं. गव्याच्या दोन शिंगांच्या मध्ये कपाळाचा उंच वाढलेला कणा असतो, तो एकदा बघितला की विसरत नाही. आणि चौशिंगा, ज्याच्या नराला चार शिंगं असतात, पुढची जोडी कधी कधी इतकी बारीक की खोळ गळाल्यावर कपाळावर नुसती बोंडं उरतात, ती हाताने चाचपूनच कळतात.

कुठल्याच खान्यात न बसणारेही आहेत. अमेरिकेतला प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी हाडाचा सुळका तसाच ठेवून वरची खोळ दरवर्षी टाकतो, आणि फाटा असतो तो खोळीला, सुळका सरळच. जिराफाच्या डोक्यावरच्या गाठी जन्मतः कूर्चेच्या आणि कवटीपासून सुट्या असतात, नंतर त्यांचं हाड होऊन त्या कवटीत मिसळतात, आणि वर कायम कातडी. गेंड्याच्या शिंगात हाडच नाही, आरपार केराटिन, त्यामुळे गेंड्याच्या कवटीवर शिंग नसतं, नाकाच्या हाडावर नुसता खडबडीत पट्टा असतो, आणि पट्टे किती यावरून एकशिंगी की दुशिंगी हे कळतं. म्हशीचं शिंग कोरून गेंड्याचं म्हणून विकणारे लोक आहेत, त्यांची लबाडीही बुडाशीच पकडतात, गेंड्याच्या शिंगाच्या तळाला भिंगातून केसांसारखे उभे तंतू दिसतात, म्हशीच्या शिंगात थर आणि आत सुळक्याची पोकळी. हस्तिदंताचंही असंच. दाताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची नक्षी असते, बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन आजच्या हत्तीत ११५ अंशांपेक्षा मोठा आणि मॅमथ या नामशेष झालेल्या हत्तीच्या नातेवाइकात ९० पेक्षा लहान भरतो. मॅमथच्या नावाखाली हत्तीचा दात विकला जातो तेव्हा हा कोन मोजतात.

लहान कवट्यांचं थोडक्यात सांगते. पुढे वर-खाली दातांची एकेकच जोडी आणि तिचा पुढचा भाग नारिंगी, तर कुरतडणारा प्राणी, उंदीर, खार, साळिंदर यांपैकी. वरच्या जोडीच्या मागे आणखी एक चिमुकली जोडी आणि थोबाडाच्या बाजूला जाळीदार हाड, तर ससा. मगरीचं तोंड मिटलेलं असताना खालचा चौथा दात बाहेर दिसतो, अॅलिगेटर या तिच्या नातेवाइकाचा दिसत नाही.

एवढं सगळं वाचून कुणाला कवटी उचलून घरी न्यावीशी वाटली तर कृपा करून नेऊ नका. जंगली प्राण्याचं शिंग, अँटलर, दात बाळगणं कित्येक देशांत गुन्हा आहे, गळून पडलेलं असलं तरी, आणि देशांच्या सीमा ओलांडून होणाऱ्या व्यापारासाठी १९७३ मध्ये झालेला आणि १९७५ पासून लागू असलेला साइट्स करार आहे. कायद्याच्या पलीकडचं कारण मला जास्त जवळचं आहे, ते हाड तिथे कुणाचं तरी खाणं असतं. साळिंदर अँटलर आणि हाडं कुरतडतं, रुंद समांतर चरे दिसले तर तेच, जिराफ आणि हरणंही कॅल्शियम-फॉस्फरससाठी हाडं चघळतात. आफ्रिकेत तर एक पतंग आहे ज्याच्या अळ्या मेलेल्या जनावरांच्या शिंगांतलं केराटिन खाऊन जगतात, शिंगातून बोटाएवढ्या नळ्या बाहेर आलेल्या दिसतात त्या त्यांच्या.

फोटो मात्र जरूर काढा, आणि असे काढा. शेजारी स्केल ठेवा, ती नसेल तर पेन. एक फोटो वरून, एक बाजूने, एक मागून मानेचे उंचवटे दिसतील असा, एक खालून सगळ्या दाढा दिसतील असा. शिंग किंवा अँटलर असेल तर बुडाचा वेगळा, अगदी जवळून. खालचा जबडा सुटा मिळाला तर तो आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी, आणि सुटा दात पडलेला असेल तर तोही शेजारी ठेवून, त्याची झिजलेली बाजू वर करून.